आकडे उघडे, नावे कुलुपात!

माहितीचा अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी देशभर लागू झाला. त्याला वीस वर्षे पूर्ण होऊन महिना उलटतो न उलटतो तोच, नोव्हेंबर २०२५ मध्ये, या कायद्याचे एक पोटकलम बदलले गेले. कलम ८(१)(ञ) हे ते पोटकलम. बदल केला तो डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ४४(३) ने. म्हणजे एका कायद्याच्या पोटातून दुसऱ्या कायद्याच्या गळ्याला हात घातला गेला. वर्तमानपत्रांनी बातम्या छापल्या, दिल्लीत निषेध झाले. पण आपल्या वस्त्यांत, विहारांत, कार्यकर्त्यांच्या बैठकांत या बदलाची म्हणावी तशी चर्चा झाली नाही. खरे तर या बदलाची सर्वात मोठी किंमत ज्यांना मोजावी लागणार आहे, ते आपणच आहोत.

आधी काय होते आणि आता काय आहे, हे नीट समजून घेऊ. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची असेल तर अधिकाऱ्याला दोन गोष्टी पाहाव्या लागत. त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी किंवा सार्वजनिक हिताशी संबंध नाही ना, आणि ती दिल्याने कोणाच्या खासगी आयुष्यात विनाकारण ढवळाढवळ होते का. शिवाय शेवटी एक परंतुक होते. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती सामान्य माणसालाही नाकारता येणार नाही! आमदार-खासदार आणि वस्तीतला शेतमजूर यांना एका पायरीवर उभे करणारे ते वाक्य होते. आता या सगळ्याच्या जागी एवढेच उरले आहे की, वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती देण्याचे बंधन नाही. अटी गेल्या आणि ते परंतुकही गेले.

आता प्रश्न विचारू या. घरकुल कोणाला मिळाले, ही माहिती वैयक्तिक आहे की सार्वजनिक? रस्त्याचा ठेका कोणाला दिला? वस्तीच्या निधीच्या धनादेशावर सही कोणाची? कोणत्या विद्यार्थ्याच्या नावावर शिष्यवृत्ती उचलली गेली? या प्रत्येक उत्तरात माणसाचे नाव आहे. नाव आहे म्हणून ती ‘वैयक्तिक’ ठरवली, तर सरकारी हिशेबात उरते काय? उरते ती फक्त बेरीज.

आणि बेरीज म्हणजे हिशेब नव्हे, हेच आज सांगायचे आहे.

कागदाची ताकद काय असते, हे आपल्या चळवळीला कोणी शिकवण्याची गरज नाही. महाडच्या चवदार तळ्याचा संग्राम १९२७ साली झाला, हे लहान मुलालाही ठाऊक आहे. पण त्यानंतर त्याच तळ्यासाठी न्यायालयात दहा वर्षे दावा चालला, हे आपण फारसे सांगत नाही. तळे आमचे, वहिवाट आमची, असा सवर्णांचा दावा होता. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. अस्पृश्यांना पाणी भरू न देण्याची प्रथा अनादी काळापासून आहे, हे दावेदारांना सिद्ध करता आले नाही. आणि तळे नगरपालिकेच्या ताब्यातील सार्वजनिक मालमत्ता असल्याचे कागदोपत्री निघाले. सत्याग्रहाने पाणी प्यायले गेले, पण ते पाणी सर्वांचे आहे यावर शिक्कामोर्तब झाले ते नोंदीने. ती नोंद कोणी ‘गोपनीय’ म्हणून कपाटात ठेवली असती तर?

बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते. सरकारी पैसा कोठून येतो, कोठे जातो आणि वाटेत कोठे मुरतो, याचा अभ्यास त्यांनी विद्यार्थिदशेपासून केला. म्हणूनच ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत महालेखापरीक्षकाच्या कलमावर बोलताना, हा बहुधा संविधानातील सर्वात महत्त्वाचा अधिकारी आहे, असे मत त्यांनी मांडले. त्याची कर्तव्ये न्यायसंस्थेपेक्षाही महत्त्वाची आहेत, असेही ते म्हणाले. घटनेचा शिल्पकार हिशेब तपासणाऱ्या माणसाला एवढा मान का देतो? कारण हक्क कागदावर लिहून देता येतात, पण त्या हक्कासाठी ठेवलेला पैसा पोहोचला की नाही, हे हिशेबच सांगतो.

माहिती अधिकाराचा कायदा दिल्लीतल्या वातानुकूलित खोलीत जन्माला आला, असा एक समज पसरवला जातो. तो साफ खोटा आहे. राजस्थानातील राजसमंद, पाली, अजमेर या भागात दुष्काळी कामावर जाणाऱ्या मजुरांना पूर्ण मजुरी मिळत नव्हती. ‘तुमचे काम कमी भरले, रेकॉर्ड तसे सांगते’ हे उत्तर ठरलेले. मग रेकॉर्ड दाखवा, अशी मागणी पुढे आली. मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे पहिली जनसुनावणी घेतली. हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचला गेला. अशा जनसुनावण्यांतून काय बाहेर आले? कामावर कधी न गेलेल्यांची नावे, गाव सोडून गेलेल्यांची नावे, मेलेल्यांची नावे! १९९६ च्या एप्रिलमध्ये ब्यावर येथे चाळीस दिवसांचे धरणे झाले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा तिथली. ही लढाई जिंकली गेली ती कशाच्या बळावर? हजेरीपटात नावे होती म्हणून. ‘या कामावर इतके मजूर, इतकी रक्कम’ एवढेच वाचून दाखवले असते तर गावाने मान डोलावली असती आणि सभा संपली असती. नाव वाचले म्हणून गर्दीतून एक बाई उठली आणि म्हणाली की मी तर त्या कामावर गेलेच नव्हते. भ्रष्टाचार बेरजेत सापडत नाही, तो नावात सापडतो.

हाच अनुभव २००५ च्या कायद्यात उतरला. आपले कार्यकर्ते कलम ६ खाली अर्ज करतात, पण कलम ४ वाचत नाहीत. या कायद्याचा खरा पाया कलम ४ आहे. नागरिकाने मागण्याआधीच प्रत्येक कार्यालयाने सतरा प्रकारची माहिती स्वतःहून जाहीर करावी, असे कलम ४(१)(ख) सांगते. त्यातील बाराव्या बाबीत अनुदानाच्या कार्यक्रमांत किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, याचा तपशील येतो. तेराव्या बाबीत सवलती, परवाने कोणाला दिले ते येते. लोकांना अर्ज करण्याची वेळच कमीत कमी यावी, हा हेतू कलम ४(२) मध्ये स्पष्ट लिहिला आहे. आणि माहिती स्थानिक भाषेत, लोकांपर्यंत पोहोचेल अशा रीतीने द्यावी, असे कलम ४(४) म्हणते. हे सर्व करायला कायद्याने १२० दिवसांची मुदत दिली होती. दिवस नव्हे, वर्षे वीस लोटली. तुमच्या तालुक्याच्या पंचायत समितीत जाऊन सतरा बाबींचा फलक आणि लाभार्थ्यांची यादी मागून पाहा. उत्तर काय मिळते, ते तुम्हाला ठाऊक आहे.

दरम्यान सरकारने दुसरी वाट धरली. २०१२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय माहिती सामायिकीकरण व सुलभता धोरण आणले आणि त्याच वर्षी खुल्या डेटाचे संकेतस्थळ सुरू केले. सरकारी माहिती संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात सर्वांना मोफत द्यावी, ही कल्पना उत्तम आहे. तिला विरोध करण्याचे कारण नाही. पण तिथे बहुतांशी काय ठेवले जाते? राज्यनिहाय, जिल्हानिहाय बेरजा. अमुक राज्यात अमुक कोटी खर्च, अमुक टक्के उद्दिष्ट साध्य. या आकड्यांवर दिल्लीतला अभ्यासक प्रबंध लिहू शकतो; पण आपल्या वस्तीतला रस्ता कागदावर झाला की जमिनीवर, हे त्यातून कोणालाही कळत नाही.

जिथे कळते, तिथेही अडथळे आहेत. कागद स्कॅन करून चित्रासारखा चिकटवलेला असतो, त्यातले एक नाव शोधायचे तर तीनशे पाने डोळ्यांनी वाचा. मराठी मजकूर जुन्या फाँटमध्ये असतो, तो दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांची खिचडी दिसते. आजची यादी उद्या बदलते, कालची यादी कोठेच राहत नाही. यात तंत्रज्ञानाचा दोष नाही. सात-बारा घरबसल्या दाखवता येतो, शासन निर्णय संकेताकासह संकेतस्थळावर ठेवता येतात, मग वस्तीच्या निधीची यादीच तेवढी का अडते?

करायचे ठरवले तर होते, याची उदाहरणे आहेत. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षणाची तरतूद केली आणि पुढे हजेरीपट नावानिशी, दिवसानिशी, रकमेनिशी संगणकावर आला. कोणत्याही गावातील मजुराला आपल्या नावावर किती पैसे निघाले हे पाहता येऊ लागले. (डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. नव्या व्यवस्थेत हजेरीपट असाच उघडा राहतो की नाही, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले पाहिजे.) राजस्थान सरकारने १३ सप्टेंबर २०१९ रोजी ‘जन सूचना’ पोर्टल सुरू केले. अर्ज न करता, शुल्क न भरता रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती अशा योजनांची गावपातळीवरची माहिती पाहण्याची सोय त्यात झाली. कलम ४(२) ची ही प्रत्यक्ष अंमलबजावणी होती.

नाव आणि आकडा यांची जोडी तुटली की काय होते, ते निवडणूक रोख्यांच्या प्रकरणात साऱ्या देशाने पाहिले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली आणि तपशील जाहीर करण्यास सांगितले. स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली. ११ मार्चला न्यायालयाने ती नाकारली. मग दोन याद्या आल्या. एकीत रोखे घेणारे, दुसरीत रोखे वटवणारे पक्ष. दोन्ही याद्या खऱ्या, पण कोणी कोणाला दिले हे कळू नये अशी रचना! जोडणारा क्रमांक तेवढा गायब. न्यायालयाने पुन्हा खडसावले, तेव्हा २१ मार्चला ते क्रमांक आले आणि कोणत्या कंपनीचा रोखा कोणत्या पक्षाने वटवला, हे काही तासांत लोकांनी जुळवून दाखवले. माहिती देऊनही न देण्याची कला व्यवस्थेला अवगत आहे. ती कला आता कायद्यात येऊ पाहते आहे.

आपल्या हक्काच्या पैशाचे काय? अनुसूचित जातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात निधी राखून ठेवण्याचे धोरण १९७९-८० पासून आहे. आधी विशेष घटक योजना, मग अनुसूचित जाती उपयोजना, असे नाव बदलत गेले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात अनुसूचित जातींचे प्रमाण १६.६ टक्के, महाराष्ट्रात सुमारे ११.८ टक्के. केंद्राच्या अर्थसंकल्पात १० ए क्रमांकाचे विवरणपत्र असते, त्यात अनुसूचित जातींच्या नावावर दाखवलेली रक्कम असते. रक्कम डोळे दिपवणारी असते. पण आत डोकावले तर खताच्या अनुदानासारखा सर्वसाधारण खर्चही त्यात मोजलेला दिसतो. शेत ज्याच्याकडे, खत त्याच्याकडे. भूमिहीनाच्या नावावर खताचे अनुदान दाखवणे, याला काय म्हणावे?

२०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्ली सरकारने अनुसूचित जाती उपयोजनेचे सुमारे ७४४ कोटी रुपये स्पर्धेच्या कामांकडे वळवल्याचे माहिती अधिकारात मिळालेल्या कागदपत्रांतून उघड झाले. संसदेत गदारोळ झाला आणि तत्कालीन गृहमंत्री पी. चिदंबरम यांना निधी वळवल्याचे राज्यसभेत मान्य करावे लागले. आपल्या राज्यातही मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी वळवल्याचे समोर आले, तेव्हा खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. हे सगळे कळले ते कागद बाहेर आला म्हणून. जो पैसा वळवला गेला पण ज्याचा कागद बाहेर आला नाही, त्याचा हिशेब कोण देणार?

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहू. माणसाला खासगीपणाचा हक्क आहे की नाही? निश्चितच आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी तो मूलभूत हक्क मानला. आपल्या समाजाला तर त्याची अधिक गरज आहे. अत्याचारग्रस्त भगिनीचे नाव, रुग्णाचा आजार, विद्यार्थ्याचा आधार क्रमांक, बँक खाते, मोबाईल हे भिंतीवर लागता कामा नये. पण त्या हक्काची ढाल दुबळ्यासाठी आहे. सरकारी पैसा ज्याच्या हाती गेला, सरकारी सही ज्याने केली, त्याच्या लपण्यासाठी ती नाही. आधार क्रमांक झाका आणि नाव, गाव, काम, रक्कम उघडी ठेवा, एवढा साधा विवेक जुन्या पोटकलमात होता. तोच काढून टाकला.

सरकार म्हणते, कलम ८(२) शिल्लक आहे. सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते. खरे आहे. पण ‘देता येते’ आणि ‘द्यावीच लागते’ यांतील अंतर कोर्टाची पायरी चढलेल्या प्रत्येकाला कळते. तालुक्याचा जनमाहिती अधिकारी सार्वजनिक हिताचे तराजू हाती घेऊन बसणार नाही. तो एका ओळीत नकार देईल. मग पहिले अपील, मग दुसरे अपील आयोगाकडे. सतर्क नागरिक संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातील माहिती आयोगांकडे चार लाखांवर अपिले आणि तक्रारी प्रलंबित होत्या, त्यांतील एक लाखाहून अधिक एकट्या महाराष्ट्रात! तारीख येईपर्यंत रस्ता उखडलेला असतो, अधिकारी निवृत्त झालेला असतो आणि विद्यार्थ्याने कॉलेज सोडलेले असते.

आणखी एक गोष्ट विसरू नका. माहिती मागणारा एकटा असतो. तळेगाव दाभाडे येथील कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये भरदिवसा खून झाला. जमिनींचे गैरव्यवहार ते बाहेर काढत होते. गावात आपल्या माणसाने सरपंचाविरुद्ध अर्ज दिला की संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला कळते. म्हणूनच माहिती आपोआप भिंतीवर लागणे ही चैन नाही, ते आपल्या कार्यकर्त्याचे संरक्षण आहे. जी यादी सर्वांसमोर आहे, ती मागितली म्हणून कोणाला धमकावणार?

तेव्हा करायचे काय? नुसता निषेध करून भागणार नाही. कायद्याने अजून काही शस्त्रे आपल्या हातात ठेवली आहेत.

एक, कलम ४ शाबूत आहे. अर्जात ‘कलम ४(१)(ख) बाब बारा व तेरा’ असे स्पष्ट लिहा. डेटा संरक्षण कायद्याचे कलम ३ म्हणते की, एखाद्या कायद्याच्या बंधनामुळे जी वैयक्तिक माहिती जाहीर करावी लागते, तिला हा कायदा लागू नाही. कलम ४ हे तसेच बंधन आहे. अधिकाऱ्याने नव्या कायद्याकडे बोट दाखवले तर हे उत्तर लेखी द्या.

दोन, नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे अधिकाऱ्यावर आहे, आपल्यावर नाही. अपिलात हे पहिल्याच परिच्छेदात मांडा. कलम ८(२) चा उल्लेख आणि सार्वजनिक हिताचे कारणही त्यातच लिहा.

तीन, महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्दांची आणि एका विषयाची मर्यादा २०१२ च्या नियमांनी घातली आहे. म्हणून ‘सर्व योजनांची सर्व माहिती’ मागू नका. एक वस्ती, एक काम, एक वर्ष घ्या. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकासाच्या कामाचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि देयक, हे चार कागद हाती आले की काम झाले की नाही हे शाळकरी पोरही सांगेल. रमाई आवासची यादी, दादासाहेब गायकवाड सबलीकरण योजनेतील जमीनवाटप, ग्रामपंचायतीचा मागासवर्गीयांसाठीचा पंधरा टक्के आणि जिल्हा परिषदेचा वीस टक्के निधी, हे एकेक करून घ्या. संगणकावर असलेली माहिती संगणकाच्याच स्वरूपात मागण्याचा आणि कागद प्रत्यक्ष पाहण्याचा हक्क कलम २(ञ) ने दिला आहे, तोही वापरा.

चार, मिळालेला कागद फाईलमध्ये ठेवून मिरवू नका. तो समाजमंदिरात मोठ्याने वाचा. कोटकिरानाच्या निरक्षर मजुरांना जमले, ते शिकलेल्या पिढीला का जमू नये? प्रत्येक वस्तीत दोन पदवीधर पोरे आणि दोन हिशेबी बाया एवढे मनुष्यबळ पुरे आहे.

आणि राजकीय मागणी एकच ठेवा. कलम ८(१)(ञ) चा जुना मजकूर परंतुकासह परत आणा, आणि उपयोजनेचा प्रत्येक रुपया वस्तीच्या नावापर्यंत जाहीर करण्याचे बंधन कायद्याने घाला. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने उपयोजनेचे कायदे २०१३ मध्येच केले. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्रात मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारा, या दोन मागण्यांवर तुमची सही आहे का? असेल तर कागदावर द्या.

बाबासाहेबांनी शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असे सांगितले. शिकलेल्या समाजाने आपल्या नावावर खर्च झालेला पैसा तपासलाच नाही, तर त्या शिक्षणाचा उपयोग काय? बेरीज दाखवून आमची बोळवण करू नका. नाव सांगा, काम सांगा, रक्कम सांगा!

जयभीम!